चार महिन्यांचा धंदा, बारा महिन्यांचे हप्ते

फाल्गुनाचा उत्तरार्ध सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्यावरील दुकानांच्या ओट्यांवर रंगीबेरंगी डीप फ्रीझर दिसू लागतात. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता. जेथे म्हणून एसटी थांबते तेथे ते असतातच. त्यांवरील नावे बहुतेक गुजरातेतील, काही बहुराष्ट्रीय कंपन्यांची. त्याच दुकानांसमोरून सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून शेतकऱ्यांची मुले संकलन केंद्राकडे जात असतात. दूध एका दिशेने जाते, आणि दुधाचाच एक पदार्थ शेकडो मैलांचा थंडगार प्रवास करून विरुद्ध दिशेने येतो. दोघांची गाठ रस्त्यावर रोज पडते. आपल्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

वस्तुतः वाटावयास हवे. हा जिल्हा दुधाचा आहे. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा जो संप सुरू झाला त्याचा उगम राहाता तालुक्यातील पुणतांब्यात झाला आणि त्या दिवसांत रस्त्यांवर दूध ओतले गेले. २०२४ च्या जानेवारीत राज्य शासनाला गायीच्या दुधासाठी लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले, आणि त्यानंतरही जुलैत अकोले तालुक्यातील कोतूळ येथे दूध उत्पादक धरणे धरून बसले होते. साखरेविषयी तर सांगावयास नको. देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी घातला. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. म्हणजे दूध, साखर आणि फळ, तिन्ही दाराशी. मग आईस्क्रीम मात्र परजिल्ह्याचे किंवा परप्रांताचे का?

वर्गात मी आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडलेला उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत शिकवितो. प्रक्रियेत ज्या मालाचे वजन घटते त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ असावा, जसा उसाचा. आणि ज्याचा वाहतुकीचा बोजा प्रक्रियेनंतर वाढतो त्याचा कारखाना गिऱ्हाइकाजवळ असावा. आईस्क्रीम हा दुसऱ्या प्रकारचा माल होय. त्यात हवा घोटलेली असते, त्यामुळे आकारमान वाढते. आणि एकदा ते गोठले की गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत उणे अठरा अंशांवर राखावे लागते. एवढ्या थंडीत हवा वाहून नेणे हा काही स्वस्त उद्योग नव्हे. आपल्या जिल्ह्यात तर कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. वेबरच्या हिशेबाने येथे प्रत्येक तालुक्यात दोन-चार घरांनी तरी हा धंदा करावयास हवा होता. ते का करीत नाहीत, याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते एका जुन्या विद्यार्थ्याच्या वहीत मिळाले.

हा विद्यार्थी बी. कॉम. झाला आणि दोन-तीन ठिकाणी नोकरीचे अर्ज करून राहुरी तालुक्यातील आपल्या गावी परतला. घरी सात-आठ दुभती जनावरे, वडील, आई, थोरला भाऊ आणि वहिनी. वडिलांना सारे गाव अण्णा म्हणते. अण्णांनी तीस वर्षे दूध केंद्रावर घातले आणि तीस वर्षे फॅटच्या आकड्यावरून भांडण केले. २०१९ च्या दिवाळीत धाकटा म्हणाला, दूध घालण्यापेक्षा आपण आईस्क्रीम करू. अण्णांनी विचारले ते एवढेच की, ‘पोरा, पावसाळ्यात काय करशील?’ प्रश्न बिनतोड होता. पण तरुणपणी असे प्रश्न कोणाला ऐकू येतात? घरातील दोन तोळे सोने मोडले, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज घेतले, आणि माघात यंत्रे येऊन पडली.

कृती ऐकावयास सोपी आहे. दूध, साय, दुधाची भुकटी, साखर आणि मिश्रण एकजीव राखणारा थोडा पदार्थ एकत्र करून तापवावयाचे, जंतू मारावयाचे, झटकन थंड करावयाचे आणि काही तास तसेच मुरू द्यावयाचे. मग ते बॅच फ्रीझरमध्ये घोटले जाते. तेथे एकीकडे पाण्याचे बारीक स्फटिक होतात आणि दुसरीकडे हवा मिसळते. शेवटी कडक थंडीत ते पक्के करावयाचे. आमच्या लहानपणी लग्नात लाकडी पॉट फिरवीत, भोवती बर्फ आणि जाडे मीठ भरीत, त्यातही शास्त्र हेच होते. फक्त मोटरीच्या जागी मामांचे दंड असत.

खरी मेख पुढे आहे. आपल्या कायद्याने ज्याला साधे आईस्क्रीम म्हणावयाचे त्यात दुधाचा स्निग्धांश किमान दहा टक्के असावा लागतो आणि एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरावे लागते. म्हणजे लिटरमागे साडेबावन्न ग्रॅम स्निग्धांश. साडेतीन फॅटच्या गायीच्या दुधातून तो काढावयाचा तर सुमारे दीड लिटर दूध लागते. याउलट वनस्पती तेलाचा स्निग्धांश वापरून जे ‘फ्रोझन डेझर्ट’ बनते त्याला हा खर्च पडत नाही. वेष्टनावर तसे छापणे बंधनकारक आहे आणि मोठ्या कंपन्या ते छापतातही. परंतु बारीक अक्षरे वाचून कोन घेणारा मुलगा मी तरी अद्याप पाहिलेला नाही. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही आईस्क्रीमच. आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून दुधाचेच करावयाचे ठरविले. त्यात तत्त्वनिष्ठेपेक्षा घरच्या गोठ्याचा विचार अधिक होता, आणि तो योग्यच होता.

दुकानाचा मुहूर्त गुढीपाडव्याचा धरला. त्या वर्षी पाडवा २५ मार्च २०२० रोजी होता.

देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा अजून त्यांच्या घरी आहे. वहिनी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करतात. त्या उन्हाळ्यात बॅच फ्रीझर चालला तो केवळ बिघडू नये म्हणून. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाच्या हप्त्यांना प्रथम तीन महिन्यांची स्थगिती दिली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. अनेकांना तिचा आधार झाला. या कुटुंबाच्या बाबतीत मात्र पाहा काय झाले: ज्या महिन्यांत हप्ता भरता आला असता तेच महिने स्थगितीत गेले, आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे आईस्क्रीमचा धंदा वर्षातून सर्वांत मंद असतो तेव्हा, हप्ते सुरू झाले. मधल्या काळाचे व्याज मुद्दलात चढले ते निराळेच. पुढल्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला. निर्बंध आधीच लागले होते; त्याच रात्री ते अधिक कडक केल्याचे जाहीर झाले आणि लग्नाला पंचवीस माणसांची मर्यादा आली. वैशाखातील लग्नांच्या ज्या ऑर्डरी घेतल्या होत्या त्या एकेक करून परत गेल्या. दोन वर्षे, दोन हंगाम, दोन्ही शून्य.

महामारी ही अपवादात्मक आपत्ती होती, तिच्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. पण तिने एक गोष्ट उघडी केली, आणि ती गोष्ट महामारी नसतानाही तेथेच असते. विद्यार्थ्याची वही मी महिनावार मांडून पाहिली. अलीकडच्या, म्हणजे बऱ्या वर्षांतही विक्रीचा फार मोठा भाग मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत येतो. मृग लागला की आया मुलांना थंड खाऊ देत नाहीत. श्रावणात थोडी हालचाल होते, दिवाळीच्या सुट्टीत शिर्डीच्या गर्दीने थोडी, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघाले की थोडी. मग पौष-माघात पुन्हा सामसूम. खर्चाचा रकाना मात्र बारा महिने भरलेला. विजेचा स्थिर आकार माल विकला जावो न जावो लागतोच. शिल्लक माल राखावयाचा तर एक तरी फ्रीझर चालू ठेवावा लागतो. आणि हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला.

येथे थोडे गणित केले पाहिजे. समजा, दहा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी अकरा टक्के व्याजाने घेतले. समान मासिक हप्ता सुमारे सतरा हजार रुपये बसतो; वर्षाला दोन लाख पाच हजार. चार महिन्यांच्या हंगामात हे कुटुंब महिन्याला पन्नास हजारही फेडू शकेल, पण बँक तेव्हा मागते सतराच हजार. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र सुमारे एक लाख सदतीस हजार मागते, जेव्हा गल्ल्यात चहापाण्याचे पैसे असतात. आता कोणी म्हणेल की हंगामातील पैसा बाजूला ठेवावा. तत्त्वतः ठीक, मीही हेच सांगितले होते. परंतु शेतकऱ्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये आलेला रोख पैसा जूनच्या पेरणीसाठी, खतांसाठी आणि मुलांच्या शाळेच्या फीसाठी वाट पाहत उभ्या असलेल्या दहा हातांच्या मधून जातो. तो ऑक्टोबरपर्यंत टिकेल असे मानणारा अर्थशास्त्रज्ञ अविवाहित असला पाहिजे.

ज्या घराण्यांची नावे आज आपण आईस्क्रीमशी जोडतो त्यांनी सुरुवातीला या प्रश्नाला कसे तोंड दिले हे पाहण्याजोगे आहे. नागपूरच्या राणा बंधूंनी १९३२ मध्ये प्रारंभ केला तो दुधाच्या व्यवसायाने. दिनशॉ हे नाव आईस्क्रीमसाठी गाजले ते त्यानंतर. अहमदाबादच्या वाडीलाल गांधींची १९०७ मधील सुरुवात सोड्याच्या दुकानाची. मंगळूरकडील एका फळविक्रेत्याचे चिरंजीव रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये मुंबईत जुहूला दुकान टाकले तेव्हा तेथे पावभाजी मिळे आणि तिखट खाल्ल्यावर थंड म्हणून आईस्क्रीम. पुण्याच्या मस्तानीवाल्यांचे दूध आणि आईस्क्रीम एकाच पेल्यात येते. आरंभीच्या काळात यांपैकी बहुतेकांनी आईस्क्रीमवर एकट्यावर पोट ठेवले नाही. आमच्या विद्यार्थ्यानेही आता हिवाळ्यात खवा आणि बासुंदी सुरू केली आहे. पण जुहू आणि नागपूर ही शहरे होती. तेथे पावभाजीला गिऱ्हाईक होते. तीन हजार वस्तीच्या गावात आठ महिने कोणती पावभाजी खपणार?

म्हणून प्रश्न पुन्हा बँकेच्या वेळापत्रकाशी येऊन थांबतो. नवल असे की, हंगाम ही गोष्ट आपल्या बँकव्यवस्थेला अपरिचित नाही. पीककर्जाची परतफेड पीक हाती येण्याशी जोडलेली असते. ते थकीत ठरवावयाचे तेव्हाही पिकाचे हंगाम मोजतात. अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. साखर कारखान्याचा गळीत हंगाम तर बँकांना तोंडपाठ असतो. तेच दूध, तीच साखर घेऊन आईस्क्रीम करणारा माणूस मात्र ‘उद्योजक’ ठरतो आणि त्याचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक होते. जुलैचा हप्ता चुकला तर दसऱ्याच्या सुमारास त्याच्या नावापुढे शिक्का बसतो. आणि मग फेब्रुवारीत, जेव्हा दुधाची भुकटी आणि कप भरून ठेवण्यासाठी खेळते भांडवल हवे असते, तेव्हा कोणतीही बँक त्याला दारात उभी करीत नाही. उत्पन्नाच्या ओघाप्रमाणे हप्ते आखून देण्यास बँकेला मनाई नाही. शाखेतील माणसाला ते सुचत नाही, संगणकाच्या चौकटीत समान हप्ता आधीच भरलेला असतो, आणि वेगळे काही करावयाचे तर वर विचारावे लागते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये योजना आणली; तीत प्रकल्पखर्चाच्या पस्तीस टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, अनुदान आहे. योजना चांगली आहे. परंतु अनुदान कर्जाशी जोडलेले आहे आणि कर्ज पुन्हा त्याच समान हप्त्याशी.

करांची कथा याहून विचित्र. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी वस्तू विकणाऱ्यांची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आपल्या राज्यात वीस लाखांवरून चाळीस लाखांवर गेली. तिला जे थोडे अपवाद केले ते असे: पानमसाला, तंबाखू आणि आईस्क्रीम. लहान उत्पादकाने दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे व्हावे अशी जी आपसमेळ योजना आहे तिच्यातूनही हीच मंडळी वगळलेली. सोडावॉटर आणि विटा मागाहून आल्या. गुटख्याच्या पंक्तीला बसण्यासारखे मुलांच्या खाऊने काय केले असेल? युक्तिवाद असा सांगितला जातो की दुधावर कर नाही, म्हणून कराची साखळी आईस्क्रीमपाशीच सुरू होते आणि तेथे सवलत दिली तर महसूल बुडतो. हा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे समजून घेण्याचा प्रयत्न केला. पण समोरच्या पेढेवाल्याचे काय? त्याचेही दूध करमुक्त, साखर तीच, गिऱ्हाईक तेच. त्याला आपसमेळ योजना खुली आहे. दिल्लीच्या लहान उत्पादकांची संघटना या वर्गीकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने २०२१ मध्ये परिषदेला फेरविचार करावयास सांगितले. २२ सप्टेंबर २०२५ पासून आईस्क्रीमवरील दर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही आनंदाची गोष्ट होय. वर्गीकरण मात्र त्या वेळी बदलले नाही.

वीस लाख हा आकडा मोठा वाटतो. चार महिन्यांत तो गाठावयाचा म्हणजे दिवसाला सोळा-सतरा हजारांची विक्री. लग्नाच्या दोन ऑर्डरी असल्या की एवढी होते. ती ओलांडली की हिशेबनीस आला. आणि गंमत पाहा, धंदा बंद असलेल्या महिन्यांचेही शून्याचे विवरणपत्र भरावे लागते. विसरले तर दर दिवशी विलंबशुल्क. करखात्याचे कॅलेंडरही बारा महिन्यांचे.

आता ओट्यावरच्या त्या रंगीत पेट्यांकडे वळू. १९९७ पर्यंत आईस्क्रीमचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव होते. ते आरक्षण उठले, मोठे भांडवल आले, आणि ते प्रामुख्याने या पेट्यांच्या रूपाने गावोगाव पोचले. पेटी कंपनीची, अट एवढीच की तीत दुसऱ्याचा माल ठेवावयाचा नाही. आरक्षण परत आणावे असे मी म्हणणार नाही. त्या काळात संरक्षणाखाली किती आळस वाढला हे आपण पाहिले आहे, आणि चांगले आईस्क्रीम स्वस्तात खेड्यात पोचले ते या मोठ्यांमुळे हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात पेटी रिकामी राहिली तर मोठ्या कंपनीला फरक पडत नाही. तिचा माल त्याच वेळी देशात कोठे तरी खपत असतो. ऋतूचा धोका ती भूगोलावर पसरविते. आमच्या विद्यार्थ्याचा भूगोल चार गावांचा आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस कोसळला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईतही पोचला. त्या पावसाने त्याचे शेवटचे तीन आठवडे नेले. वादळात खांब पडून एक रात्र वीज गेली तेव्हा भाड्याचे जनित्र येईपर्यंत दोन फ्रीझरमधील माल सैल झाला. एकदा सैल झालेले आईस्क्रीम पुन्हा गोठविले तर जिभेला बर्फाचे खडे लागतात. मोठ्या कंपनीचा शिक्का असलेला असा कोन आपण मुकाट्याने खातो. घरगुती दुकानात मात्र गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. अण्णांनी तो सारा माल पहाटे खड्ड्यात ओतला.

मी त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. अण्णा ओट्यावर बसून आभाळाकडे पाहत होते. मी म्हटले, ‘अण्णा, शेतीला तर पाऊस चांगला झाला.’ ते म्हणाले, ‘सर, आता आम्ही अर्धे शेतकरी आणि अर्धे बर्फवाले. पाऊस आला की निम्म्या घरानं हसायचं, निम्म्यानं रडायचं.’ आतून वहिनींनी पेरूचे आईस्क्रीम आणून दिले, वर चिमूटभर तिखट-मीठ. ते उत्तम होते, हे येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

गेल्या दिवाळीत मी आणि विद्यार्थ्याने बसून बँकेसाठी एक अर्ज तयार केला. मागील तीन वर्षांची महिनावार विक्री जोडली आणि विनंती केली की वर्षाची रक्कम एका पैनेही कमी न करता मार्च ते जून मोठे हप्ते घ्यावेत आणि उरलेल्या महिन्यांत केवळ व्याज. शाखाधिकाऱ्यांनी अर्ज लक्षपूर्वक वाचला, कल्पना पटल्याचेही सांगितले आणि तो वरच्या कार्यालयाकडे पाठविला. माघात विचारले तेव्हा तो तेथेच होता. यंदा त्यांनी पेरूच्या जोडीला सीताफळाचा गरही साठवून ठेवला आहे, आणि कप मोजून उधारीवर आणले आहेत.